सव्वा एकर, शहराच्या कडेला: झाडं लावायची तर कोणती आणि कुठे?

ताई, तुमचं पत्र सविस्तर आहे, बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. शहराच्या हद्दीला लागून वडिलांची सव्वा एकर जमीन तुमच्या आणि भावाच्या नावावर आलीय, दोघंही नोकरीला, शेतावर जाणं होतं ते आठवड्यातून एकदा. एका बाजूला प्लॉट पडलेत, दुसऱ्या बाजूचा रस्ता रुंद होणार अशी बोलवा आहे. पाऊस चार महिने, बोअर आहे पण उन्हाळ्यात पाणी उतरतं. एक एजंट मागे लागलाय की सगळ्या जमिनीवर चंदन लावा नाहीतर साग लावा, रोपं आम्ही देतो, बारा वर्षांनी बसून खाल. भाऊ म्हणतो विकून मोकळं होऊ. आणि तुम्हाला झाडं लावायचीत, पण दरवर्षी हातात काहीतरी यायला हवं, तर एवढ्याशा जमिनीत हे जमतं का आणि कुठली झाडं लावावीत.

जमतं, नक्की जमतं. पण कुठली झाडं हा प्रश्न दुसरा आहे, पहिला प्रश्न म्हणजे ही जमीन अजून किती वर्षं शेत म्हणून राहणार. आतल्या गावातल्या शेतकऱ्याला हे विचारायची वेळ येत नाही, शहराच्या कडेला मात्र सगळं इथेच अडतं. रस्ता आला, हद्द वाढली, भावाने वाटणी मागितली, काहीही होऊ शकतं, आणि झाड तर मधेच उचलून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून माझं सरळ म्हणणं असं की झाडं किमतीवरून निवडू नका, वर्षांवरून निवडा. सहा-आठ महिन्यांत देणारं काय, तीन-चार वर्षांत देणारं काय आणि वीस वर्षांनी देणारं काय असे तीन गट पाडा, आणि जमिनीचा मधला चांगला भाग पहिल्या दोन गटांना द्या. वीस वर्षांवालं जे काही असेल ते बांधावर. मग उद्या काही झालं तरी पाचव्या वर्षी तुमचा खर्च निघालेला असेल आणि बांधावरची झाडं उरली तर तो वरचा फायदा.

एजंटचं बोलणं तुम्हाला पटायला लागलंय असं पत्रावरून वाटलं म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहितो. चंदन हे अर्धपरजीवी झाड आहे, म्हणजे त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटतात आणि तिथून पाणी आणि अन्नद्रव्यं घेतात, त्यामुळे नुसतं चंदन रांगेने लावून चालतच नाही, प्रत्येकाजवळ यजमान झाड लागतं, रोपवाटिकेत छोटं आणि शेतात मोठं. वास आणि तेल असतं ते फक्त आतल्या गाभ्यात, गाभा धरायलाच बरीच वर्षं जातात आणि कुठल्या झाडात किती धरलाय ते बाहेरून दिसत नाही. आणि ज्या दिवशी तो धरतो त्या दिवसापासून चोराची नजर. रात्री शेतावर कुणी नाही, शेजारी अर्धवट बांधलेल्या इमारती, समोर पळून जायला पक्का रस्ता, अशा ठिकाणी चंदन लावणं म्हणजे राखणदाराचा पगार पुढची कित्येक वर्षं कबूल करणं, आणि तो पगार एजंटच्या कागदावर कुठेच धरलेला नसतो, एकदा विचारून बघा.

सागाचं वेगळं. साग चांगलं झाड आहे, पण 2 बाय 2 मीटरवर लावला तर एकरात हजार झाडं बसतात, ऐकायला हजार छान वाटतं, पण सहा-सात वर्षांनी अशा बागेत जाऊन बघा. खोडं काठीसारखी बारीक राहिलेली, सगळी उंच पळालेली कारण उजेड फक्त वर, खाली वाळक्या पानांचा थर आणि त्यातून दुसरं काही उगवायला तयार नाही. अशा बागेत वेळेवर विरळणी करून निम्म्याहून जास्त झाडं काढावीच लागतात, आणि काढलेल्या बारीक मालाला भाव नसतो. तेव्हा हजार झाडं गुणिले अमुक रक्कम हा हिशोब मुळातच खोटा. 1990 च्या दशकात भारतात असल्याच हिशोबांवर लागवड कंपन्यांनी लोकांकडून भरपूर पैसा उचलला होता, शेवटी 1999 मध्ये सेबीला अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी वेगळे नियम करावे लागले. एजंट बदलले तरी कागदावरचा गुणाकार तोच आहे ताई, सही करू नका.

आता बांधाकडे येऊ. तुमची जमीन साधारण चौकोनी असेल तर एक बाजू 70 मीटरच्या आसपास भरते आणि चारही बांध मिळून 280 मीटर. म्हणून लोक लगेच चारही बाजूंनी उंच झाडं लावून टाकतात आणि तिथेच फसतात, कारण पाच-सहा वर्षांत मधलं शेत विहिरीसारखं अंधारं होतं. वाऱ्यासाठी तर एकच बाजू पुरते. वारा अडवणाऱ्या झाडांच्या ओळीचा फायदा तिच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत मिळतो, म्हणजे दहा मीटर उंच झाडं झाली तर शंभर मीटरपर्यंत, आणि तुमचं शेत आहेच सत्तर मीटर. ज्या बाजूने उन्हाळ्यात कोरडा वारा येतो त्या एका बांधावर ओळ लावा. तीही भिंतीसारखी गच्च नको, ओळीतून पलीकडचं अर्धंमुर्धं दिसलं पाहिजे, कारण गच्च ओळीवर वारा आपटून वर जातो आणि पलीकडे भोवऱ्यासारखा खाली येऊन पीक लोळवतो, विरळ ओळीतून तो गाळून मंद होऊन जातो. सुरूचं झाड चालेल, ते मुळांवरच्या सूक्ष्मजीवांच्या मदतीने हवेतला नत्रही धरतं, कडुनिंब चालेल, करंज चालेल. तीन-तीन मीटरवर लावलं तर सत्तर मीटरच्या बांधावर चोवीसेक झाडं होतात, बस तेवढी.

सागाची हौस असेलच तर उत्तरेच्या बांधावर एक ओळ लावा, सूर्य वर्षातला बराच काळ दक्षिणेकडे कललेला असतो त्यामुळे सावली तुमच्या शेतात कमी येईल. पण ती शेजाऱ्याच्या जमिनीत जाईल हे लक्षात घ्या, आणि तिथे प्लॉट असतील तर उद्या पानं, फांद्या, मुळं सगळ्यावरून भांडणं, म्हणून हद्दीपासून तीन-चार मीटर आत लावा आणि वरून विजेची तार जात असेल तर त्या पट्ट्यात उंच काहीच नको. रस्त्याच्या बाजूला मात्र महागाचं एकही झाड लावू नका, ती पट्टी जाणार हे धरूनच चाला. तिथे करवंदाचं काटेरी कुंपण करा, गुरं आत येत नाहीत, माणूस सहज घुसत नाही, फळ मिळतं आणि उद्या रस्त्यात गेलं तरी जीव जळत नाही.

उरलेल्या बांधांवर गिरीपुष्प लावा, ह्याच्याबद्दल मला फार आपुलकी आहे. मनगटाएवढ्या जाडीचे चार-पाच फुटी दांडे पावसाच्या तोंडावर तोडून आणायचे, खालचं टोक तिरकं कापायचं, फूटभर जमिनीत गाडून माती पायाने घट्ट दाबायची, पाऊस लागला की बहुतेक फुटतात, रोपाचा खर्च नाही. दुसऱ्या वर्षापासून वर्षातून दोन-तीनदा छाटायचं आणि पाला सरळ पिकाच्या सरीत नाहीतर फळझाडाच्या आळ्यात पसरायचा, तो पटकन कुजतो आणि नत्र देतो, बाहेरचं खत कमी करता येतं. शेळ्यांनाही चालतो, सुरुवातीला नाकं मुरडतात, थोडा सुकवून दिला की खातात. सुबाभूळही लोक सुचवतील. तिच्या पाल्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं त्यामुळे जनावराच्या एकूण चाऱ्यात एक तृतीयांशाच्या आतच ठेवावी लागते, आणि बी इतकं पडतं की सगळीकडे उगवून येते, छाटणीला आठवड्याचा उशीर झाला तर आवरत नाही. शिवाय 1980 च्या दशकात एक बारीक रसशोषक कीड पॅसिफिकमधल्या बेटांवरून काही वर्षांतच आशियाभर पसरली आणि नुसत्या सुबाभळीवर अवलंबून असलेल्यांचा चारा उभ्याउभ्या गेला. तेव्हापासून मी तरी कुणालाही कुंपणाला एकच जात लावा असं सांगत नाही.

मधल्या जागेचं सांगतो. आंबा, चिंच, फणस ह्यातलं जे तुमच्या मातीत येतं ते ओळींमध्ये 10 मीटर आणि ओळीत 5 मीटर अंतराने लावलं तर कडेचं सोडून ऐंशीएक झाडं बसतील. कलमी आंबा तिसऱ्या-चौथ्या वर्षी मोहर दाखवतो पण फळ धरायची घाई करू नका, पाचव्या वर्षापासून घ्या. तोवर ओळींमधली दहा मीटरची पट्टी मोकळीच असते आणि तिथेच तुमचं दरवर्षीचं उत्पन्न आहे. शेवगा बियांवर लावला तर पीकेएम 1 सारखी जात सहा-आठ महिन्यांत शेंगा देते, फक्त रोप कमरेएवढं झालं की शेंडा खुडायचा म्हणजे फांद्या फुटतात, नाहीतर ते वीस फूट वर जातं आणि शेंगा काढायला शिडी लागते. पपई वर्षभरात येते. पेरू दोन-तीन वर्षांत. ही सगळी भरीची झाडं, सहा-सात वर्षांनी आंब्याने जागा मागितली की काढून टाकायची, आणि हे काढणं मनावर घ्यावंच लागतं, फळ देतंय म्हणून ठेवू असं म्हणत दोन्ही एकमेकांत घुसतात आणि दोन्ही बिघडतात. सावली वाढली की खाली हळद, आलं, सुरण, ह्यांना थोडी सावली चालते, हळद तर आंशिक सावलीत निवांत येते.

इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या घराभोवतीच्या बागा किंवा आफ्रिकेतल्या किलिमांजारो डोंगराच्या उतारावरच्या चग्गा लोकांच्या बागा अशाच थराथराच्या आहेत, वर मोठी झाडं, मधे केळी आणि कॉफी, खाली कंद आणि भाज्या, आणि जमीन अनेकांकडे तुमच्यासारखीच थोडी. फ्रान्समध्ये माँपेलिएजवळ अक्रोड आणि पॉप्लरच्या ओळींमध्ये गहू वगैरे पिकं घेऊन मोजमाप केलं तर असं दिसलं की मिश्र लागवडीच्या 100 हेक्टरमधून जेवढं निघतं तेवढं झाडं आणि पीक वेगवेगळं लावून काढायला 130 च्या वर हेक्टर लागतात. हे होतं कारण दोघं वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी आणि वेगवेगळ्या वेळचा उजेड वापरतात.

पण ह्याची दुसरी बाजू तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची आहे, कारण तुमच्याकडे पाणी कमी आहे. नायजेरियात इबादानच्या संशोधन संस्थेत झाडांच्या दाट ओळींमध्ये पीक घ्यायची जी पद्धत पुढे आली ती तिथल्या भरपूर पावसात चालली, आणि तीच सुबाभळीच्या ओळी लावून हैदराबादजवळ इक्रिसॅट ह्या शेती संशोधन संस्थेच्या शेतावर करून बघितली तर कोरड्या वर्षांत झाडांनी पिकाचं पाणी पळवलं आणि उत्पन्न घटलं. म्हणजे कोरड्या भागात ओळी लांब लांब ठेवायच्या, म्हणून मी दहा मीटर म्हटलं, चार-पाच मीटर नाही. आणि बांधावरच्या झाडांच्या ओळीपासून मीटर-दीड मीटरवर शेताच्या बाजूने दोन फूट खोल अरुंद चर काढायचा, एक-दोन वर्षांनी तो पुन्हा मोकळा करायचा, वरच्या थरात पिकाकडे धावणारी मुळं तिथेच तुटतात आणि झाड खाली जातं. पावसात चर पाणीही मुरवतो, बोअरला त्याचा फायदा. निलगिरी तुमच्या बोअरच्या आसपास तरी लावू नका.

झाडाने पानं कधी टाकावीत हेही बघायचं. आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यात फेडहर्बिया नावाचं झाड आहे ते पावसाळ्यात पानं गाळतं आणि कोरड्या दिवसांत हिरवं होतं, त्यामुळे त्याच्या अगदी बुंध्यापर्यंत बाजरी येते. आपल्याला तेच हवं असं नाही, पण पीक उभं असताना कुठलं झाड गच्च असतं आणि कुठलं उघडं ते तुमच्या भागातल्या झाडांवर वर्षभर नजर ठेवली तरी कळतं. आणि खड्डे खणायच्या आधी आहे ते बघा ना! आफ्रिकेतल्याच नायजर देशाच्या मराडी भागात 1980 च्या दशकात टोनी रिनाउडो ह्या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाने शेतकऱ्यांसोबत नवी रोपं लावायचं बाजूला ठेवून जमिनीत जिवंत असलेल्या जुन्या बुंध्यांना फुटणारे कोंब राखायला सुरुवात केली, दोन-चार सरळ कोंब ठेवायचे आणि बाकीचे काढायचे, एवढंच, आणि तिथे पुढे पन्नास लाख हेक्टरच्या आसपास झाडी परत आली. तुमच्या बांधावर वडिलांच्या काळातली तोडलेली बाभूळ, बोर असणारच, त्यांची मुळं खोल गेलेली आहेत, कुठलंही नवं रोप त्यांना दहा वर्षं गाठू शकत नाही.

बांबूचं तुम्ही विशेष विचारलंय. लावा, पण बेटाने वाढणारा, पसरणारा नको, आणि भिंतीजवळ, पाइपजवळ, बोअरजवळ नको. चौथ्या-पाचव्या वर्षापासून तोड मिळते. तोडताना चालू वर्षाचे आणि गेल्या वर्षीचे बांबू ठेवायचे, तीन वर्षांच्या पुढचे काढायचे, ते ओळखायला सोपे असतात, नव्याच्या पेरावर आवरण चिकटलेलं आणि रंग ताजा, जुन्यावर डाग आणि टिचकी मारली तर टणक आवाज. पावसाळ्यात कोंब येतात तेव्हा बेटात शिरायचंसुद्धा नाही. बेटाचा मधला भाग मोकळा करत गेलं तरच तोड सोपी होते, बाहेरून बाहेरून तोडत राहिलात तर मधे जाळं होतं आणि मग कुणीच हात लावत नाही.

एक गोष्ट पत्रात अर्ध्या ओळीत लिहून तुम्ही पुढे गेलात, की उन्हाळ्यात शेजारच्या नाल्याचं पाणी उपसता येईल. नाल्यात शहराचं सांडपाणी आणि वर्कशॉपचं पाणी येत असेल तर त्यात शिसं, कॅडमियम असू शकतं आणि ते उकळून, गाळून जात नाही. पालेभाज्या आणि कंद ह्यात ते सगळ्यात जास्त येतं, पानांवर तर रस्त्याची धूळही बसते. म्हणून नाल्याचं पाणी पालेभाजीला, हळदीला, चाऱ्याला अजिबात नको, द्यायचंच तर बांबूला आणि लाकडाच्या झाडांना, तेही माती-पाणी तपासून. प्लॉटच्या बाजूने भराव, डबर, जुना रंग वगैरे टाकलेलं असेल तर त्या कोपऱ्यातली माती वेगळी तपासून घ्या, शेताच्या मधली चांगली माती दाखवून समाधान करून घेऊ नका.

विकायचं काय ह्यात शहर जवळ असणं हीच तुमची खरी ताकद आहे. लाकूड दोनशे किलोमीटरवरूनही येतं, त्यात तुम्हाला कसली आघाडी? पण सकाळी तोडून तासाभरात पोचणारी शेवग्याची कोवळी पानं, फुलं, झाडावर पिकलेलं फळ, हिरवा चारा ह्यात लांबचा शेतकरी तुमच्याशी स्पर्धा करू शकत नाही. फक्त रोज तोडायचा माल रोज माणूस मागतो आणि तुम्ही आठवड्यातून एकदा जाता, तेव्हा शेजारचं एखादं कुटुंब वाट्याने जोडा, पिकाचा वाटा त्यांचा आणि झाडं तुमची, हे लिहून ठेवा. आणि आंब्याची सावली पडायला लागली की तिथे रोपवाटिका, हा मला सगळ्यात आवडणारा पर्याय आहे. शहरात सोसायट्यांना, बंगल्यांना, गच्चीवाल्यांना सतत रोपं लागतात, जागा थोडी पुरते, आणि जमीन उद्या गेलीच तर पिशव्या उचलून दुसरीकडे नेता येतात, अख्ख्या शेतात एवढी एकच गोष्ट हलवता येते.

पहिल्या वर्षी सगळं लावू नका. ह्या पावसाच्या तोंडावर कुंपण, वाऱ्याची ओळ, गिरीपुष्प आणि शेवगा, पुढच्या वर्षी आंबा. पहिले दोन उन्हाळे रोपाला जगवायचे असतात, आळ्यात वाळलेल्या पाल्याचं चार-पाच बोटं आच्छादन घाला, बुंध्याला मात्र चिकटू देऊ नका, कुजतो. उन्हाळ्याच्या आधी हद्दीवरचं वाळलं गवत काढून मीटर-दोन मीटरचा पट्टा साफ ठेवा, प्लॉटवर कुणीतरी कचरा पेटवतंच आणि ती आग रात्रीत आत येते.

भावाचं म्हणाल तर त्याच्याशी भांडू नका, त्याच्याबरोबर बसून कागद करा. जमीन दोघांची, पण झाडं कुणी लावली, खर्च कुणी केला, तोडीचे पैसे कसे वाटायचे, आणि मधेच विकायची वेळ आली तर उभ्या झाडांची किंमत कुणाच्या हिश्शात, हे सगळं रोप लावायच्या आधी लिहा आणि दोघांनी सही करा. विकत घेतलेल्या रोपांची पावती, कुठल्या ओळीत काय लावलं त्याचा नकाशा आणि दरवर्षी त्याच जागेवरून काढलेले फोटो त्याच फाइलमध्ये. कुठल्या जाती तोडायला परवानगी लागते आणि तुमची जमीन शहराच्या आराखड्यात कुठल्या पट्ट्यात दाखवलीय हे दोन्ही लागवडीआधी कार्यालयात जाऊन लेखी विचारून घ्या, तोंडी उत्तरावर साग लावू नका. रस्त्यासाठी पट्टी घेतली तर झाडांची भरपाई मागताना ही फाइलच कामाला येईल. माती-पाण्याचा रिपोर्ट आला आणि वारा कुठल्या बाजूचा ते नक्की झालं की मला परत लिहा, आंबा की चिंच ते तेव्हा ठरवू.